रात्री ऐकायचे खाऊ : कोहाकुतो, समुद्री द्राक्षं, तांगहुलू आणि आपला काटेरी हलवा

ओवी_ठाणे | ५ नोव्हेंबर, रात्री १२:४०

बाबांच्या आजारपणात रात्रीचं जागरण माझ्या वाट्याला होतं. श्रावणात बाबा गेले, जागरण मात्र गेलं नाही. दोन-अडीच वाजले की डोळे टक्क उघडे. पुस्तक वाचायचं तर दिवा लावावा लागतो, गाणी लावली तर मन शब्दांमागे धावतं. अशाच एका रात्री भाचीने एक व्हिडिओ पाठवला. "मावशी, काही विचारू नकोस, इअरफोन लाव आणि ऐक."

पांढरी बशी. बशीत रंगीत खडे, ओबडधोबड, जांभळ्यातून निळ्यात उतरत गेलेले. एका बाईचे हात दिसतात आणि नाकाखालचा चेहरा, एवढंच. तिने एक खडा उचलला, नखाने दोनदा वाजवला, टक् टक्, आणि चावला. मी दचकले. वाटलं, काच चावली! पण आवाज काचेचा नव्हता. साखरेचा पापुद्रा मोडावा तसा पातळ 'कुर्र', आणि त्यानंतर एकदम मऊ शांतता. पुन्हा कुर्र, पुन्हा शांतता. ती बाई एक शब्द बोलत नाही. बाराव्या-तेराव्या मिनिटाला मला झोप लागली असावी, कारण सकाळी इअरफोन उशीखाली सापडले.

त्या खड्यांना कोहाकुतो म्हणतात हे नंतर कळलं. मग बाकीचंही पाहत गेले: मोत्यांच्या घोसासारखी हिरवी समुद्री द्राक्षं, मधाचं सबंध पोळं, साखरेच्या काचेत बुडवलेली फळं, सोललेल्या कोरफडीची लादी, साखरेचा कंगवा, चॉकलेटची कंगव्याशी जुळणारी फणेरी पेटी. यातल्या कशाचीही चव मला माहीत नाही आणि ती घ्यावी असंही फारसं वाटत नाही. मला फक्त ऐकायचं असतं.

आई आम्हाला ताटावर सारखी सांगायची, "मचमच करू नकोस, तोंड मिटून जेव." त्याच घरात ताकाच्या कढीचा भुरका मारला की आजोबा खूष व्हायचे. म्हणजे आवाज वाईट असं नव्हतं, कुठला आवाज कुठे शोभतो एवढंच होतं. त्यामुळे हे व्हिडिओ ऐकताना मला अपराधी वाटत नाही, पण हे असं का होतं ते समजून घ्यावंसं वाटतं. इथे अजून कोणी ऐकतं का? आणि ते खडे घरी करता येतात का?


स्वरित | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

ओवीताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे मला माहीत असलेली बाजू लिहितो. आपण स्वतः चावतो तेव्हा आवाज दोन वाटांनी कानात येतो. एक वाट हवेची, दुसरी जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांची. हाडांतून जाड, खालचे आवाज जास्त पोचतात, म्हणून स्वतःचं चावणं आपल्याला घोगरं ऐकू येतं. माइकला फक्त हवेची वाट माहीत. तो तोंडापासून चार बोटांवर ठेवला की वरच्या पट्टीतले बारीक तडे अगदी स्वच्छ पकडतो. म्हणजे व्हिडिओत तुम्ही जे ऐकता ते कोणत्याही जेवणाऱ्याने स्वतः कधी ऐकलेलं नसतं.

कानाच्या आकाराचे रबरी साचे लावलेले दोन माइक वापरणारे बरेच आहेत. डाव्या कानाशी एक, उजव्या कानाशी एक. त्यामुळे कोणीतरी अगदी शेजारी बसलंय असा भास होतो. त्याआधी पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. या कामात निम्मी मेहनत शांततेवर असते.

आवाजाने चव बदलते हेही तपासून झालंय. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि मास्सिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ साली एक प्रयोग छापला. लोकांना डब्यातले एकसारखे वेफर्स चावायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना परत ऐकवला. आवाज किंवा त्यातली वरची पट्टी वाढवली की लोक म्हणत, हा ताजा, कुरकुरीत. कमी केली की म्हणत, हा शिळा. वेफर तोच! या कामाला २००८ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो गमतीचा पुरस्कार. त्या पुरस्काराला लोक हसतात, पण माझ्या मते काम भक्कम आहे. आपल्याकडे पापड सादळलाय हे जिभेच्या आधी कानाला कळतं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.


मृण्मयी_जोग | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

मीही ऐकते. दोन वर्षं झाली. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्हाला जे होतं त्याला एएसएमआर (ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स) म्हणतात. काहींना टाळूपासून मानेकडे उतरणारी मुंग्यांसारखी गोड शिरशिरी येते, काहींना नुसतं निवांत वाटतं. हे नाव अमेरिकेतल्या जेनिफर अॅलन यांनी २०१० मध्ये दिलं. लोक इंटरनेटवर या अनुभवाबद्दल चाचपडत बोलत होते, त्यांना एक न लाजता उच्चारता येणारा शब्द हवा होता. नाव वैद्यकीय वाटतं, पण ते डॉक्टरांनी दिलेलं नाही.

पहिला शोधनिबंध २०१५ चा, स्वान्सी विद्यापीठातल्या एमा बॅरट आणि निक डेव्हिस यांचा. हा अनुभव येणाऱ्या ४७५ लोकांना त्यांनी विचारलं. ९८ टक्के म्हणाले, आम्ही निवांत व्हायला ऐकतो. ८२ टक्के झोपेसाठी. कुजबुज सर्वांत वर होती, ७५ टक्के. आणि कुरकुरीत, खुसखुशीत आवाज ६४ टक्क्यांना चालत होते. नंतर २०१८ मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या ज्यूलिया पोएरिओ आणि सहकाऱ्यांनी नाडी मोजली. ज्यांना हा अनुभव येतो त्यांचे ठोके व्हिडिओ बघताना मिनिटाला सरासरी तीनने उतरले. ज्यांना येत नाही त्यांच्यात तेवढे उतरले नाहीत. म्हणजे हा मनाचा खेळ नाही, आणि सगळ्यांना मिळणारं औषधही नाही.


निनाद_के | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

दुसरी बाजू लिहितो. रागावू नका.

मला चावण्याचा आवाज सहन होत नाही. नुसता आवडत नाही असं नाही. छातीत धडधडतं, हात घट्ट मिटतात, ताटावरून उठून जावंसं वाटतं. लहानपणी मला वाटायचं मी दुष्ट आहे, कारण ज्या माणसावर माझं सगळ्यात जास्त प्रेम होतं, त्याच माणसाच्या चावण्याने मला राग यायचा. आजीला सांगता येत नव्हतं. मी ताट घेऊन पडवीत जाऊन बसायचो आणि तिला वाटायचं, नातवाला माझ्याशेजारी बसायला नको असतं.

याला मिसोफोनिया म्हणतात हे मला तिसाव्या वर्षी कळलं. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी २००१ च्या सुमारास हा शब्द घडवला. न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार यांनी २०१७ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की अशा आवाजांना आमच्यासारख्यांच्या मेंदूतला एक भाग फार जोरात प्रतिसाद देतो. २०२१ च्या त्यांच्या पुढच्या कामात अजून एक गोष्ट दिसली: कानाने आवाज ऐकला की आमच्या मेंदूत तोंड आणि जबडा हलवणारा भागही जागा होतो. जणू समोरचा माणूस आमच्याच तोंडाने चावतोय. ते वाचलं त्या दिवशी मी रडलो. आजी तोवर नव्हती.

एकच विनंती. घरात, लोकलमध्ये, ऑफिसात हे व्हिडिओ कृपया इअरफोन लावूनच ऐका.


ओवी_ठाणे | ५ नोव्हेंबर, दुपारी २:०५

निनाद, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. पडवीतल्या ताटाचं वाचून पोटात कालवलं. माझा मुलगा मी खाकरा खायला लागले की खोलीतून जातो. मी त्याला नेहमी उद्धट म्हणत आले. आज त्याच्याशी बोलेन.


सुमिदाकाठ | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

तोक्योहून लिहितेय. इथे येऊन अकरा वर्षं झाली.

कोहाकुतोतला 'कोहाकु' म्हणजे अंबर, तो मधाच्या रंगाचा मणी, आणि 'तो' म्हणजे साखर. ही जुनी पारंपरिक मिठाई आहे, व्हिडिओंसाठी शोधलेली नाही. तिच्यात जे आहे ते तुमच्या फडताळातही असेल: पाणी, साखर आणि आगर. आगर म्हणजे आपलं चायना ग्रास. नाव चीनचं असलं तरी ते जपानचं. सतराव्या शतकात क्योतोजवळच्या फुशिमीत मिनो तारोझाएमोन नावाच्या खाणावळवाल्याने समुद्री शेवाळाची उरलेली जेली थंडीत बाहेर टाकली, रात्री ती गोठली, दिवसा वितळून वाळली, आणि हलकी कोरडी पट्टी उरली, अशी कथा सांगतात.

समुद्री द्राक्षं म्हणजे उमिबुदो, ओकिनावाचं समुद्री शेवाळ. ओन्ना गावात त्याची शेती होते. ती फ्रिजमध्ये ठेवली की मलूल पडतात, आणि वर आधीच आंबट सॉस ओतला की मीठपाणी सुटून मणी आक्रसतात. म्हणून सॉस वेगळ्या वाटीत घेऊन एकेक घोस बुडवून खायचा. दाताखाली मणी फुटतो तेव्हा जो आवाज येतो त्याला इथे 'पुचिपुचि' म्हणतात.

आणि हे मला या धाग्यावर मुद्दाम सांगायचंय. जपानीत खाद्यपदार्थाच्या स्पर्शाचे आणि आवाजाचे चारशेहून जास्त शब्द संशोधकांनी गोळा केलेत. नव्या नव्या मैत्रिणी मला ते शिकवायच्या, साकुसाकु, पारिपारि, कारिकारि, आणि मला वाटायचं, अरे, हे तर मला येतं! साकुसाकु म्हणजे खुसखुशीत. पारिपारि म्हणजे भाजलेल्या पापडासारखं कुरकुरीत. कारिकारि म्हणजे कुडकुडीत. शाकिशाकि म्हणजे करकरीत, ताजी काकडी. पुरुपुरु म्हणजे लिबलिबीत, पण कौतुकाने म्हटलेलं. इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्यांना हे सगळं एका-दोन शब्दांत कोंबावं लागायचं, मला नाही. परदेशात माझ्या भाषेने मला इतकं श्रीमंत क्वचितच वाटवलं असेल.

फक्त पुचिपुचिला मला मराठी शब्द सापडला नाही. तोंडात फुटणारा, रसाने भरलेला, बारीक. आहे का कोणाकडे?


गोदाकाठ_पैठण | ५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

टचटचीत.

हुरड्याचा दाणा दुधात भरला की आम्ही म्हणतो, कणीस टचटचीत झालंय. दाताखाली धरला की टच्चकन फुटतो. डाळिंबालाही चालेल.


सुमिदाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री ८:२२

टचटचीत! अकरा वर्षं शोधत होते.


आजीचा_डबा | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडं चकलीवर लिहिते, कारण दिवाळी आत्ताच झाली आणि हात अजून तेलकट आहेत.

खुसखुशीत आणि कुरकुरीत हे एकच समजू नका. खुसखुशीतपणा मोहनातून येतो. तेल पिठाला पकडू देत नाही, म्हणून चकली दाताखाली नुसत्या दाबाने विरते, आवाज छोटा आणि कोरडा. कुरकुरीतपणा पातळपणातून आणि पाणी पूर्ण उडण्यातून येतो, तिथे आवाज तुकड्यातुकड्याने येतो. मोहन जास्त झालं तर चकली तेलात हसते, सुटून जाते. कमी झालं तर दातात अडकणारी कडक होते. माझी सासू चकली कानाशी मोडून बघायची. चाखायची नाही, उपवास असायचा तिचा. मोडण्याच्या आवाजावरून सांगायची, "अजून मंद आचेवर दोन मिनिटं."

कोहाकुतो मी केलंय. ओवी, तुझ्यासाठी कृती देते. चार ग्रॅम आगर पावडर २०० मिलिलिटर पाण्यात घालून सतत ढवळत उकळी आण आणि आगर पूर्ण विरघळू दे. साखर आधी घातलीस तर आगर नीट विरघळत नाही, कण राहतात. मग ३०० ग्रॅम साखर. चमच्यावरून पडताना पाक तारेसारखा ओढला गेला की उतरव. पसरट डब्यात ओत, रंगाचे दोन थेंब टाक, काडीने एकदाच फिरव. चायना ग्रास खोलीच्या हवेतच घट्ट होतं, फ्रिज लागत नाही. घट्ट झालं की सुरीने काप किंवा हातानेच तोड. हाताने तोडलेले तुकडे खऱ्या खड्यांसारखे दिसतात.

यानंतरचं काम वाट पाहण्याचं. कागदावर सुटे मांडायचे, रोज उलटायचे. चौथ्या दिवसापासून वर साखरेचं पांढुरकं कवच धरतं, आठवड्यात 'कुर्र' येतो. मी पहिल्यांदा जुलैत केलं होतं, चिपळूणच्या घरी. दहा दिवस झाले तरी चिकटच. हवेतच एवढं पाणी, साखर वाळणार कुठून! आता नोव्हेंबरात कर, होईल.


रानवाटा | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

पहिल्या पोस्टमध्ये कोरफडीच्या लादीचा उल्लेख आहे, म्हणून लिहिणं भाग आहे. वनस्पतिशास्त्र शिकवतो.

२०१७ साली चीनमध्ये एका तरुणीने थेट प्रक्षेपणात कोरफड समजून एका पानाचा मोठा घास घेतला. ती कोरफड नव्हती, अगेव्ह होती, म्हणजे आपली घायपात. तोंड बधिर झालं, घशाला आग सुटली, इस्पितळात न्यावं लागलं. घायपातीच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्याच ज्यांच्यामुळे कच्चं अळू खाजतं.

आपल्याकडे शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला घायपात जिकडेतिकडे आहे आणि लांबून ती भल्यामोठ्या कोरफडीसारखी दिसते. फरक सांगतो. कोरफडीचं पान मोडलं की आत पारदर्शक लगदा, मांसल, सहज मोडतं. घायपातीचं पान मोडत नाही, आत दोरासारखे चिवट तंतू असतात (दोरखंडासाठीच ती लावली होती), आणि टोकाला काळसर कठीण काटा असतो. आणि खऱ्या कोरफडीतही सालीखालचा पिवळा चीक खाऊ नये. तो जबर रेचक आहे. व्हिडिओत लादी धुऊन घेतात ते त्यासाठीच. मुलं व्हिडिओ बघून अंगणातलं पान तोडतात, त्यांना हे आधी सांगा.


दंतवैद्य_नाशिक | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:००

रानवाटा यांच्याच सुरात थोडं.

तांगहुलू ही उत्तर चीनची हिवाळ्यातली मिठाई. मूळची शानझा नावाच्या आंबट लाल फळांची, काडीला टोचून साखरेच्या पाकात बुडवलेली. पाक साधारण १५० अंशांपर्यंत नेला तरच तो थंड होऊन काचेसारखा तडकतो. २०२३ मध्ये कोरियात तिचं वेड पसरलं आणि मग जगभर मुलं घरी करायला लागली. त्या तापमानाचा पाक त्वचेला चिकटला तर पाण्याच्या चटक्यापेक्षा कितीतरी खोल भाजतो. मुलांना गॅसजवळ एकटं सोडू नका. आणि तिच्या कवचाचे तुकडे दाताच्या भरावावर फार वाईट आदळतात. बर्फ चावण्याचे व्हिडिओ तर मी माझ्या रुग्णांना बघा म्हणेन, करू नका म्हणेन.

छोट्या कपातली कोंजाक जेली (कोंजाक हा सुरणाच्या जातीचा कंद) एकदम तोंडात ओढून घेतात तीही धोक्याची. ती तोंडात विरघळत नाही, घशात बसली की निघत नाही. २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला होता, युरोपनेही पुढे अशा कपांवर बंदी आणली. लहान मुलांना देऊ नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर कुठल्याच रूपात नको, पोळ्यातलाही नको.

ऐकायला मात्र माझी काहीच हरकत नाही. दिवसभर मशीनचा आवाज ऐकल्यावर मीही घरी जाऊन समुद्री द्राक्षंच ऐकतो.


चाकणकर | ६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

हे आणि मुकबांग एकच का? मी एका कोरियन कंपनीत आहे. तिथले सहकारी सांगतात की मुकबांग म्हणजे 'खाणं' आणि 'प्रक्षेपण' या दोन शब्दांची जोड. २०१० च्या आसपास तिकडे सुरू झालं, एकटे राहणारे लोक रात्री जेवताना समोर कोणीतरी जेवतंय असं बघायचे. ती सोबत मला समजते, इथे भाड्याच्या खोलीवर मीही तेच केलंय. पण पुढे पुढे दहा माणसांचं एकटा खाणारे आले. ते मला बघवत नाही. आमच्या घरी ताटात शीत टाकलं तर आजोबा उठू देत नसत.


मृण्मयी_जोग | ६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

चाकणकर, नातं आहे पण दोन्ही एक नाहीत. मुकबांगमध्ये बोलणं असतं, प्रमाण असतं. ओवी म्हणतेय त्यात बोलणं नसतं आणि बशीत दहा-बारा खडेच असतात. अति खाण्याच्या व्हिडिओंवर चीनने २९ एप्रिल २०२१ ला अन्न-नासाडीविरोधी कायदाच केला, असे कार्यक्रम करणाऱ्याला एक लाख युआनपर्यंत दंड आहे. मला तो पटतो.


स्वरित | ७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

आज मुद्दाम दहा-बारा व्हिडिओ कामाच्या हेडफोनवर ऐकले. एक निरीक्षण नोंदवतो. यातले पदार्थ चवीवरून निवडलेलेच नाहीत, ते दोन आवाजांच्या जोडीवरून निवडलेत. कोहाकुतोत कवच आणि मऊ गाभा. तांगहुलूत काच आणि रसाळ फळ. मधाच्या पोळ्यात मेणाचा चिकट तडा आणि ओघळ. बाहेर एक, आत दुसरं. कान पहिल्या आवाजाला ताठ होतो आणि दुसऱ्याला सैल पडतो. दर घासाला एक ताण, एक सुटका. ओवीताई, तुम्हाला त्या 'शांतते'मुळेच झोप लागत असावी.

याउलट जपानचा तो पाण्याच्या थेंबासारखा गोळा, मिझु शिंगेन मोची, यामानाशीचा. अर्ध्या तासात विरघळून जातो असं सांगतात. दिसायला अप्रतिम, पण आवाज जवळपास शून्य. तिथे करणारे चमच्याच्या आणि बशीच्या किणकिणीवर वेळ मारून नेतात. तोंडात फुटणाऱ्या गोळ्यांचं उलट, तिथे माणसाला काहीच करावं लागत नाही. विल्यम मिचेल या रसायनतज्ज्ञाने १९५६ मध्ये गरम पाकात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड कोंडून त्या गोळ्या बनवल्या. साखर विरघळली की आत अडकलेला वायू तडतडत बाहेर येतो. माइकसमोर तोंड उघडून नुसतं बसलं तरी पावसाचा आवाज.

आणि खाता येणाऱ्या चमच्यांचे व्हिडिओ बघून परदेशी लोक चकित होतात, तर हैदराबादच्या नारायण पीसापाटी यांनी ते ज्वारीच्या पिठाचे केव्हाच करून दाखवले होते.


आजीचा_डबा | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

स्वरित, तुम्ही बाहेर एक आणि आत दुसरं म्हणालात आणि मी रात्रभर हलव्याचा विचार करत होते.

काटेरी हलवा! बाहेर साखरेचे काटे, आत तीळ किंवा खसखस. आणि नवलाईचं म्हणाल तर आपल्याइतकी कोणी केलीय? नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवून अंगभर साखरेचे दागिने घालतो आपण. मंगळसूत्र, बाजूबंद, तन्मणी, नथ. बोरन्हाणाला बाळाला मुकुट आणि बासरी. ते साखरेचे कंगवे आणि पेट्या मला म्हणूनच परक्या वाटल्या नाहीत.

आणि हलवा करण्याचा जो आवाज असतो तो तर कुठल्याच व्हिडिओत मी ऐकलेला नाही.


ओवी_ठाणे | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

माझी आत्या करते. वाईला असते. बाबांची मोठी बहीण, सत्त्याहत्तर वर्षांची. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी करायला घेते. पहाटे चारला उठून, कारण थंडी नसेल तर काटा येत नाही.

मी लहानपणी तिथे गोधडीत पडून तो आवाज ऐकत झोपलेय. हे आत्ता, हे लिहिताना आठवतंय.


स्वरित | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

ओवीताई, जा आणि मुद्रण करा. फोन पुरेल. परातीपासून वीतभर लांब, जमिनीवर नको, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर परात सरकल्याचा धक्का फरशीतून येईल. फोनचं तोंड परातीकडे, पण वाफेच्या रेषेत नको. विमान मोड लावा. आणि सुरुवातीला दोन मिनिटं कोणी काहीच न करता नुसती खोली मुद्रित करा. ती दोन मिनिटं नंतर फार उपयोगी पडतात.


ओवी_ठाणे | १६ जानेवारी, रात्री १:३०

खूप दिवसांनी येतेय.

नाताळच्या सुट्टीत वाईला गेले. मुलगा बरोबर आला. त्याच्याशी बोलले होते, आता खाकरा मी स्वयंपाकघरात खाते आणि तो ताट घेऊन माझ्याशेजारी बसतो, एका कानात इअरफोन लावून. चालतंय आमचं. निनाद, हे तुमच्यामुळे.

आत्याने शेगडीत मूठभर निखारे घेतले, त्यावर परात, परातीत तीळ. कडेला पाकाचं भांडं. चमच्याने पाव चमचाच पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं, वाळेपर्यंत. मग पुन्हा पाव चमचा. घाई केली की तीळ एकमेकांना चिकटतात, गोळा होतो. रोज तीन तास, असे पाच दिवस.

मी पाचही पहाटे मुद्रण केलं. पहिल्या दिवशी नुसती तिळाची सळसळ आहे, वाळू चाळल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ती जड होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज बदलला, दाणे परातीवर वाजायला लागले, किणकिण, आणि आत्या बघायच्या आधीच मला कळलं की काटा धरला. मी म्हटलं, "आत्या, काटा आला." तिने बोटं थांबवली, दाणा दिव्याकडे धरून बघितला आणि म्हणाली, "तुझ्या बापालाही ऐकूनच कळायचं. आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा डोळे मिटून बसायचा इथे."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही.

चौथ्या दिवसाचं मुद्रण सगळ्यात चांगलं झालंय. चाळीस मिनिटांचं आहे. एकविसाव्या मिनिटाला कोंबडा आरवतो आणि शेवटी आत्या मला म्हणते, "ठेव तो फोन, हात धू आणि बस इकडे, माझी बोटं दमली."


सुमिदाकाठ | १६ जानेवारी, पहाटे ५:१०

इथे सकाळ झालीय. ओवी, ते चाळीस मिनिटांचं मला पाठवशील का? कोंबडा काढू नकोस.